हेन्री जॉन राउस

अ‍ॅडमिरल हेन्री जॉन राउस (२३ जानेवारी, १७९५ – १९ जून, १८७७) हे ब्रिटिश नौदल अधिकारी आणि घोड्यांच्या शर्यतींतील ख्यातनाम हँडिकॅपर होते. ते स्ट्रॅडब्रोकच्या पहिल्या अर्लचे पुत्र. १८०८ मध्ये ते नौदलात दाखल झाले. १८३५ मध्ये लॅब्राडोरजवळ खडकावर आदळलेली ‘पीक’ ही युद्धनौका गळकी व सुकाणूविहीन झाली असतानाही त्यांनी अटलांटिक ओलांडून इंग्लंडला आणली. पुढील आयुष्य त्यांनी शर्यतींना वाहिले.

हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्यावर अधिक व उण्या घोड्यावर कमी वजन देऊन सर्वांना जिंकण्याची समान संधी दिली जाते. त्यासाठी प्रत्येक घोड्याच्या कुवतीचा शर्यतीपूर्वीच अचूक अंदाज घ्यावा लागतो. राउस यांचा यात हातखंडा होता. १८५१ मध्ये यॉर्क येथे ‘फ्लाइंग डचमन’ आणि ‘व्होल्टिजर’ यांच्या द्वंद्वशर्यतीची वजने त्यांनी ठरविली. पाच वर्षांच्या ‘फ्लाइंग डचमन’वर त्यांनी साडेआठ पौंड अधिक वजन दिले, तो अवघ्या एका घोड्याच्या अंतराने जिंकला.

१८५५ मध्ये ते सार्वजनिक हँडिकॅपर झाले. घोड्याचे वय, शर्यतीचे अंतर व महिना यांनुसार वजन सांगणारा त्यांचा तक्ता पुढील काळातील अशा तक्त्यांचा पाया ठरला. संभाव्य विजेता हेरण्याची दृष्टी असूनही मोठ्या रकमांच्या पैजांना त्यांचा विरोध होता. ती दृष्टी त्यांनी शर्यत न्याय्य होण्यासाठी वापरली.