कुलूप लावून खेळलेला सामना

बास्केटबॉलचे मोठे सामने हजारो प्रेक्षकांच्या साक्षीने होतात. पण या खेळाच्या इतिहासात एक सामना असाही आहे, की तो कुणी पाहू नये म्हणून दाराला कुलूप लावले होते. १२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातले डरहॅम हे शहर. गावातली बहुतेक मंडळी प्रार्थनेसाठी चर्चमध्ये गेलेली. अशा वेळी ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतले काही गोरे विद्यार्थी उसन्या मोटारींतून, आडवळणाने, शहराच्या दुसऱ्या टोकाला निघाले. एका व्यायामशाळेपाशी उतरताना त्यांनी जाकिटे डोक्यावर ओढून घेतली आणि घाईघाईने आत शिरले. मागोमाग दार बंद झाले. आत त्यांची वाट पाहत होता कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कॉलेजचा संघ आणि त्या संघाचे अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे प्रशिक्षक, जॉन मॅकलेंडन.

एवढी लपवाछपवी कशासाठी? तर गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एकत्र खेळणे हा त्या प्रदेशात भलताच गंभीर प्रमाद होता. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, बसमध्ये बसायच्या जागाही वेगळ्या. याच डरहॅममध्ये याच वर्षीच्या जुलै महिन्यात बुकर स्पाइसली नावाच्या कृष्णवर्णीय सैनिकाला एका गोऱ्या बसचालकाने गोळी घालून ठार केले. बसच्या मागच्या बाजूला जाण्यावरून झालेली बाचाबाची, एवढेच निमित्त. चालक पुढे कोर्टातून निर्दोष सुटला. अशा गावात गोऱ्यांच्या संघाला आपल्या मैदानावर बोलावणे म्हणजे मॅकलेंडन यांनी नोकरीच नव्हे, तर जीवही पणाला लावण्यासारखे होते. मग हा शांत, मृदू स्वभावाचा तरुण या वाटेला गेला कसा? त्याचे उत्तर शोधायला त्यांच्या विद्यार्थिदशेकडे जावे लागते.

जॉन मॅकलेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सास राज्यातल्या हायावाथा या गावी झाला. लहानपणापासून त्यांना बास्केटबॉलचे वेड. खेळाडू होण्यापेक्षाही आपण खेळ शिकवणारे व्हावे, ही ओढ मोठी. वडिलांनी मुलाची ही आवड ओळखली. ज्या माणसाने हा खेळ शोधून काढला तो आपल्याच राज्यातल्या विद्यापीठात शिकवतो, तेव्हा शिकायचे तर त्याच्याच हाताखाली, असा त्यांचा साधा हिशेब होता. तो माणूस म्हणजे डॉ. जेम्स नेस्मिथ. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत दोन टोकांना पीच फळांच्या टोपल्या टांगून त्यांनी हा खेळ सुरू केला होता. पुढे वायएमसीएच्याच हातून तो जगभर पसरला. आपल्याकडेही तो याच संस्थेने आणला.

१९३३ साली मॅकलेंडन कॅन्सास विद्यापीठात दाखल झाले आणि थेट नेस्मिथ यांच्या खोलीत जाऊन उभे राहिले. तुम्ही माझे मार्गदर्शक आहात, असे त्यांनी सांगितले. हे कोणी ठरवले, असे विचारल्यावर वडिलांचे नाव घेतले. वृद्ध प्राध्यापकांनी हसून वडिलांचा शब्द मान्य केला, आणि गुरुशिष्यांचे ते नाते जमले.

शारीरिक शिक्षण विभागातला हा पहिलाच कृष्णवर्णीय विद्यार्थी. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात मात्र त्याला जागा नव्हती. तिथे कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९५० चे दशक उजाडावे लागले. पदवीसाठी पोहणे आवश्यक होते आणि तलाव कृष्णवर्णीयांना बंद. न पोहताच तुला गुण देऊन टाकू, अशी तडजोड पुढे करण्यात आली. मॅकलेंडन यांनी ती नाकारली आणि ते पाण्यात उतरले. ते बाहेर पडल्यावर तलावातले सगळे पाणी उपसून टाकण्यात आले. पाण्याच्या विटाळाची ही गोष्ट मराठी वाचकाला फोडून सांगायला नको. पण मॅकलेंडन यांनी हट्ट सोडला नाही आणि नेस्मिथ त्यांच्या पाठीशी राहिले. अखेर तलाव सर्वांना खुला झाला. आरडाओरडा न करता एकच मागणी धरायची आणि ती पदरात पडेपर्यंत हलायचे नाही, ही त्यांची रीत इथेच पक्की झाली.

नेस्मिथ यांच्याकडून त्यांनी आणखी एक गोष्ट उचलली. त्या काळी बास्केटबॉल बराच संथ होता. प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मैदानाच्या मध्यावर आणून उडवायचा, हा नियम तर १९३७ पर्यंत चालू होता. चेंडू सावकाश पुढे न्यायचा, जागा धरून उभे राहायचे, संधी शोधायची, असा सगळा मामला. नेस्मिथ यांना मात्र खेळ साऱ्या मैदानावर पसरलेला हवा होता. चेंडू जिथे असेल तिथे लढत व्हावी, असे त्यांचे मत होते. शिष्याने या एका सूत्रातून सबंध पद्धत उभी केली. प्रतिस्पर्ध्याचा नेम चुकला, चेंडू आपल्या हाती आला, की समोरचे सावरायच्या आत पळत सुटायचे आणि दोन-तीन पासमध्ये दुसरे टोक गाठायचे. यालाच फास्ट ब्रेक म्हणतात. बचावही तसाच, मैदानभर पाठलाग करणारा. अर्थात अशा खेळाला दम लागतो. म्हणून मॅकलेंडन यांची मुले मोसम सुरू होण्याआधी चेंडूपेक्षा धावण्याचाच सराव जास्त करीत. पहिल्या अर्ध्या वेळेत प्रतिस्पर्धी बरोबरीने पळेल, दुसऱ्या अर्ध्यात त्याचे पाय जड होतील, हा त्यांचा ठोकताळा सहसा चुकत नसे.

१९३६ मध्ये पदवी आणि पुढच्याच वर्षी आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन मॅकलेंडन डरहॅमला आले. नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोज असे तेव्हाच्या त्या संस्थेचे नाव. आज ती नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते. १९४० मध्ये ते मुख्य प्रशिक्षक झाले. १९४४ च्या मोसमात त्यांच्या 'ईगल्स' संघाने एक सामना गमावला, बाकी सगळे जिंकले. पण जिंकले कोणाशी? आपल्यासारख्याच कृष्णवर्णीय कॉलेजांशी. राष्ट्रीय स्पर्धांची दारे बंद होती आणि वर्तमानपत्रे दखल घेत नव्हती. आपण खरोखर किती पाण्यात आहोत, हे कळायला दुसरा मार्गच नव्हता. दुसरीकडे ड्यूकच्या वैद्यकीय शाखेत युद्धकाळामुळे ठिकठिकाणच्या कॉलेजांत नाव कमावलेले खेळाडू एकत्र आले होते, आणि त्यांच्या संघाचा दबदबा होता. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या एका गाठीभेटीत आव्हान दिले गेले आणि मॅकलेंडन यांनी ते स्वीकारले.

बंद दाराआड सुरुवातीला दोन्ही संघ बिचकत होते. सोपे पास हातातून सुटत होते. ज्यांच्या अंगाला आजवर अंग लागले नाही त्यांच्याशी झटायचे कसे, हे कोणालाच उमजत नव्हते. थोड्या वेळाने ईगल्सना सूर सापडला आणि ते पळू लागले. मग गोऱ्या संघाला त्यांचा वेग झेपेना. शेवटी गुणफलक होता ८८-४४, बरोबर दुप्पट.

खरी गंमत त्यानंतरची. थोडी विश्रांती घेऊन मुलांनी संघ मोडले, आपसात वाटून घेतले आणि दुसरा सामना खेळला. आता प्रत्येक बाजूला काळेही होते आणि गोरेही. कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना कुणकुण लागली होती. ते खिडक्यांना डोळे लावून हा चमत्कार पाहत होते. एका कृष्णवर्णीय साप्ताहिकाच्या बातमीदारालाही सारे ठाऊक होते, पण दिलेल्या शब्दाला जागून त्याने एक ओळही लिहिली नाही. गुणपत्रक अधिकृत नोंदीत गेले नाही. स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकाराने १९९६ मध्ये ही हकिगत जगापुढे आणली, तेव्हा तिला बावन्न वर्षे झाली होती.

कुलपाआड मिळालेल्या विजयावर मॅकलेंडन यांचे समाधान होणे शक्य नव्हते. १९५२ मध्ये त्यांनी डरहॅम सोडले, दोन वर्षे हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये काढली आणि १९५४ मध्ये नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय स्टेट या कृष्णवर्णीय विद्यापीठात ते रुजू झाले. लहान कॉलेजांची राष्ट्रीय संघटना, एनएआयए, हिने तोवर कृष्णवर्णीय कॉलेजांना आपल्या स्पर्धेत यायची वाट करून दिली होती. त्या वर्षअखेरीस संघाला कॅन्सास सिटीच्या एका स्पर्धेचे आमंत्रण आले. मॅकलेंडन यांनी एकच अट घातली. इतर संघ ज्या भागातल्या हॉटेलांत उतरतील तिथेच आमची मुले उतरतील. तसे नसेल तर आम्ही येणार नाही. खेळायला मिळतेय हेच खूप, असे मानून गप्प बसणारे पुष्कळ होते. मॅकलेंडन त्यातले नव्हते. अट मान्य झाली आणि शहराच्या मध्यवस्तीतल्या हॉटेलची दारे या मुलांसाठी उघडली.

पुढचे काम मुलांनी केले. १९५७ मध्ये टेनेसी ए अँड आयने एनएआयएचे अजिंक्यपद पटकावले. गोऱ्या-काळ्या सर्व संघांना खुली असलेली राष्ट्रीय स्पर्धा एखाद्या कृष्णवर्णीय कॉलेजने जिंकण्याची ही पहिलीच वेळ. १९५८ मध्ये पुन्हा विजय, आणि १९५९ मध्ये तिसऱ्यांदा. लागोपाठ तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे तोपर्यंत अमेरिकेतल्या कोणत्याच कॉलेजला साधली नव्हती. संघातला डिक बार्नेट १९५८ आणि १९५९ या दोन्ही वर्षी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. न्यूयॉर्क निक्स संघाच्या १९७० आणि १९७३ च्या विजेतेपदांत पुढे त्याचा वाटा होता. पण करंडक घेऊन नॅशव्हिलला परतलेल्या याच मुलांना गावातल्या दुकानांच्या उपाहारगृहांत गोऱ्यांशेजारी बसून खायची सोय नव्हती. त्या अन्यायाविरुद्ध १९६० च्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध बैठा सत्याग्रह केला, तेव्हा टेनेसी ए अँड आयचे विद्यार्थी त्यात होते.

तोवर मॅकलेंडन क्लीव्हलंडच्या 'पायपर्स' संघाकडे गेले होते. हा संघ १९६१ मध्ये नव्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि मॅकलेंडन अशा वर्णमिश्र व्यावसायिक लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले. संघ चांगला चालला होता. पण खेळाडूंच्या पगारावरून मालकांशी खटके उडाले आणि मोसमाच्या मध्यातच त्यांनी राजीनामा दिला. आपल्या मुलांच्या हक्काची बाब आली की त्यांना पद मोठे वाटत नसे.

त्यानंतर केंटकी स्टेट, आणि १९६६ मध्ये क्लीव्हलंड स्टेट. गोऱ्यांचे प्राबल्य असलेल्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक होणारे ते पहिले कृष्णवर्णीय. इथे यश त्यांच्याकडे फिरकले नाही. तीन वर्षांत विजयांपेक्षा पराभवच अधिक झाले. १९६९ मध्ये डेन्व्हर रॉकेट्स या व्यावसायिक संघाने त्यांना बोलावले आणि अठ्ठावीस सामन्यांनंतर, नऊ विजय व एकोणीस पराभव हिशेबी धरून, निरोप दिला. पहिलेपणाचा मान जितका मोठा, तितका धीर धरायला कोणी तयार नसते, हा अनुभव त्यांच्याही वाट्याला आला. त्याबद्दल ते कडवटपणे बोलत राहिले नाहीत. बुटांच्या एका कंपनीसाठी गावोगाव फिरून ते प्रशिक्षकांना खेळ शिकवीत राहिले, आणि उतारवयात क्लीव्हलंड स्टेटमध्येच परतून त्यांनी विद्यार्थ्यांना खेळाचा इतिहास शिकवला.

कॉलेज प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर ५२३ विजय आणि १६५ पराभव आहेत. तरीही १९७९ मध्ये नेस्मिथ यांच्याच नावाच्या कीर्तिमंदिरात त्यांना जागा मिळाली ती 'प्रशिक्षक' म्हणून नव्हे, खेळाला हातभार लावणारे म्हणून. जन्मभर ज्या कामासाठी झिजले ते सोडून बाकीचे सारे मान्य, असाच त्याचा अर्थ. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, क्लीव्हलंडच्या परिसरात त्यांचे निधन झाले. प्रशिक्षक म्हणून त्याच कीर्तिमंदिरात त्यांचे नाव लागले ते २०१६ मध्ये. १९५७ ते १९५९ च्या त्यांच्या विजेत्या संघाला तर २०१९ पर्यंत वाट पाहावी लागली; तोवर त्या मुलांतले काही हयात नव्हते आणि जे होते ते ऐंशीच्या घरात पोहोचले होते.

आज कॉलेजचा कोणताही संघ चेंडू हाती येताच सुसाट पळतो आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. हा वेग खेळात आणणाऱ्यांत मॅकलेंडन यांचे नाव अग्रभागी आहे. डरहॅमच्या विद्यापीठातल्या व्यायामशाळेला त्यांचे नाव दिलेले आहे. तिथे सामने होतात ते दारे उघडी ठेवून, आणि तिकीट काढून कोणीही आत जाऊन बसू शकते.