दीड डॉलरची शाळा

अमेरिकेच्या इतिहासातील कर्तृत्ववान स्त्रियांची नामावळी मोठी आहे. गुलामांना रातोरात उत्तरेकडे पोहोचवणारी हॅरिएट टबमन, स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचणारी सुझन अँथनी, दृष्टी व श्रवण दोन्ही गमावूनही विद्या संपादन करणारी हेलन केलर ही नावे आपल्यापैकी पुष्कळांना परिचित असतात. मेरी मॅक्लाउड बेथून हे नाव त्या मानाने आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून असेल कदाचित, पण या सर्वांत मला अधिक जवळची वाटली ती मेरीच.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. त्यानंतर दोनच वर्षांनी, १० जुलै १८७५ रोजी, त्याच अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात मेझव्हिल गावाजवळ मेरीचा जन्म झाला. सॅम्युअल व पॅट्सी मॅक्लाउड यांच्या सतरा अपत्यांतील ती पंधरावी. आईवडील आणि बरीचशी थोरली भावंडे गुलामीतच जन्मलेली. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. दारिद्र्य मात्र तसेच राहिले. वडिलांनी कष्टाने थोडी जमीन मिळवून तीत कापूस लावला. आई गोऱ्यांचे कपडे धुऊन, इस्त्री करून पोहोचवी. मेरीही लहानपणापासून कापूस वेचू लागली.

एकदा ती आईबरोबर अशाच एका घरी गेली होती. तेथे मुलांच्या खोलीत एक पुस्तक पडलेले दिसले, ते तिने सहज उचलले. तुला वाचता येत नाही, ते खाली ठेव, असे त्या घरच्या मुलीने तिला फटकारले. मेरीने पुस्तक खाली ठेवले. पण गोऱ्यांच्या आणि आपल्या घरांतला खरा फरक वाचता येण्याचा आहे, ही गोष्ट तिच्या मनाने पक्की धरली.

पुढे मेझव्हिलला कृष्णवर्णीय मुलांसाठी मिशनची शाळा निघाली. एमा विल्सन या तेथील शिक्षिका. मेरी रोज काही मैल पायी चालत शाळेला जाई आणि संध्याकाळी घरी आली की दिवसभर शिकलेले घरच्यांना शिकवी. हिशेब येऊ लागल्यावर कापसाचे वजन आणि त्याचे पैसे ती पडताळून पाहू लागली. हा प्रसंग वाचताना मला आमचे घर आठवले. मी सातवीत असताना अडत्याकडून आलेल्या कांद्याच्या पट्टीत हमाली दोनदा कापलेली मी आबांना दाखवली होती. आबांनी ती पट्टी कितीतरी वेळ हातात धरून ठेवली. घरातले पहिले माणूस वाचायला शिकते तेव्हा ते एकटे शिकत नाही, साऱ्या घराला डोळे फुटतात.

एका दूरच्या, अनोळखी शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आपल्या कमाईतून दिलेल्या मदतीमुळे मेरी १८८८ साली उत्तर कॅरोलायनातील स्कोशिया विद्यालयात दाखल झाली. सहा वर्षांनी ती शिकागोच्या मूडी संस्थेत गेली. आफ्रिकेत मिशनरी व्हावे ही तिची मनीषा होती. परंतु कृष्णवर्णीय मिशनरींसाठी तेथे जागा नाही, असे तिला सांगण्यात आले. आफ्रिकेच्या लेकरांसाठी आफ्रिकेच्याच वंशातली शिक्षिका नको! पण मेरी हताश झाली नाही. ती दक्षिणेत परतली व शिक्षिका झाली. ऑगस्टा शहरात लुसी लेनी या कृष्णवर्णीय शिक्षिकेने चालवलेली शाळा तिने जवळून पाहिली आणि आपले कार्यक्षेत्र कोणते हे तिला उमगले.

१८९८ साली अल्बर्टस बेथून यांच्याशी तिचा विवाह झाला व पुढच्या वर्षी मुलगा झाला. ऑक्टोबर १९०४ मध्ये फ्लॉरिडातील डेटोना येथे महिना ११ डॉलर भाड्याच्या घरात तिने शाळा उघडली. जवळ रोकड होती दीड डॉलर. विद्यार्थिनी पाच, आणि सोबत स्वतःचा लहानगा मुलगा. खोक्यांच्या फळ्यांची बाके झाली, जळक्या लाकडाच्या पेन्सिली झाल्या, रानफळांच्या रसाची शाई झाली. रताळ्याचे गोड पदार्थ करून ती विके आणि त्या पैशांवर शाळा चाले. गावचा केरकचरा टाकण्याची जागा तिने हप्त्याने विकत घेतली आणि १९०७ साली तेथे शाळेची इमारत उभी केली. त्याच वर्षी पती घर सोडून गेले. मुलगा व शाळा यांचा भार तिने पुढे एकटीने वाहिला.

शाळेतल्या एका मुलीच्या अपेंडिक्सचे दुखणे विकोपाला गेले, तेव्हा गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला मागच्या ओसरीवर ठेवले. मेरीबाईंनी १९११ साली शाळेच्याच आवारात रुग्णालय काढले!

येथे एक शंका मनात येते. या शाळेत मुलींना स्वयंपाक, शिवण शिकवीत आणि देणग्या धनाढ्य गोऱ्यांकडून येत. मग ही बाई मुलींना चाकरीसाठीच तयार करीत होती काय? मला तसे वाटत नाही. शाळेच्या सभांना येणाऱ्या गोऱ्यांना वेगळ्या जागा ठेवायला तिने नकार दिला; काळे-गोरे शेजारी शेजारी बसत. आणि शाळा शिवणावर थांबली नाही. तिने शिक्षिका व परिचारिका घडवल्या. १९२३ साली मुलांच्या कुकमन संस्थेशी तिचे एकत्रीकरण सुरू झाले, त्यातून कॉलेज उभे राहिले आणि २००७ पासून ते विद्यापीठ आहे.

१९२० साली अमेरिकन स्त्रियांना मताधिकार मिळाला. मेरीबाई कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नोंदवू लागल्या. एका निवडणुकीच्या तोंडावर बुरखेधारी कू क्लक्स क्लॅनची माणसे रात्री शाळेवर चालून आली. बाई डगमगल्या नाहीत. जमाव परत गेला आणि दुसऱ्या दिवशी बाई आपल्या लोकांना घेऊन मतदानाला गेल्या.

१९३५ साली त्यांनी निग्रो स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात राष्ट्रीय युवक प्रशासनातील कृष्णवर्णीयांच्या विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. तेथे बसून त्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेच्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेलाही त्या हजर होत्या. १८ मे १९५५ रोजी डेटोनातच त्यांचे निधन झाले आणि कॉलेजच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली.

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या संसद भवनात फ्लॉरिडा राज्याच्या वतीने त्यांचा संगमरवरी पुतळा बसवण्यात आला. त्या जागी पूर्वी दक्षिणेच्या बंडखोर सेनेतील एका सेनापतीचा पुतळा होता. ज्या राजवटीने गुलामगिरी टिकवण्यासाठी युद्ध केले तिचा सेनापती गेला आणि गुलामांची लेक आली!

मित्रहो, आपल्या वर्गात घरातले पहिले शिकणारे पुष्कळ आहेत. आपण या चिखलातून एकदाचे बाहेर पडावे, अशी घरच्यांचीही इच्छा असते आणि त्यात वावगे काही नाही. शिकून गावी परतलेच पाहिजे, असे तात्पर्य मी काढणार नाही. मेरीबाईही वॉशिंग्टनपर्यंत गेल्याच. पण एस.टी. आली की पुढे धावलेला गडी खिडकीतून रुमाल टाकून मागच्यांसाठी जागा धरतो ना, तसे त्यांनी जन्मभर केले. आपली जागा मिळाल्यावर आपण कुणासाठी रुमाल टाकणार, हे पदवी हातात पडण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

— द्वितीय वर्ष, कला