आघाडीवरचा सर्जन

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानशी चाललेल्या युद्धातले जखमी सैनिक रुग्णालयात पोचेपर्यंत रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने दगावत. त्यावर कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी साधा, पण जिवावरचा उपाय काढला होता : शस्त्रक्रियेचे सामान खेचरांवर लादून डॉक्टरांनीच आघाडीजवळ जायचे. ते १९३९मध्ये वारले, तेही शस्त्रक्रिया करताना बोट कापून झालेल्या संसर्गाने. कोटणीसांनी ती पद्धत पुढे चालवली. १९४०च्या एका लढाईत ते सलग ७२ तास शस्त्रक्रिया करत राहिले. एवढ्या जखमींना एक सर्जन कसा पुरणार? म्हणून ते शिकवू लागले, पाठ्यपुस्तक लिहू लागले. अपस्माराचे झटके येत. विश्रांती मात्र नव्हती. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्याच आजाराने ते गेले, तेव्हा ३२ वर्षांचे होते. पुस्तक अर्धेच राहिले.