डायबेटिसमुळे ज्याचं नाव जगाला ठाऊक झालं, त्याने विद्यार्थी असतानाच शरीराचे पहारेकरी पाहिले होते

सायन्सला असाल तर लँगरहान्स हे नाव कधी ना कधी वाचलं असेलच. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे जे पुंजके असतात, त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. डायबेटिसचा धडा आला की हे नाव येतंच.

पण याच माणसाच्या नावाच्या आणखी काही पेशी आहेत आणि त्या आपल्या त्वचेत अंगभर पसरल्या आहेत. जंतूंशी लढायचं कुणाशी, हे शरीराला कळतं त्यात या पेशींचा मोठा वाटा आहे. गंमत म्हणजे ज्याने त्या शोधल्या, त्याला त्या भलत्याच काहीतरी वाटल्या होत्या.

पॉल लँगरहान्सचा जन्म २५ जुलै १८४७ चा, बर्लिनचा. वडील डॉक्टर होते. पॉल आधी येना आणि मग बर्लिनमध्ये मेडिकल शिकला. बर्लिनमध्ये तो रुडॉल्फ विर्शो यांच्या संस्थेत पोहोचला. विर्शो म्हणजे त्या काळात पॅथॉलॉजीतलं सगळ्यात मोठं नाव.

तिथे त्याने माणसाच्या त्वचेतल्या नसा शोधायला घेतल्या. त्वचेच्या तुकड्यांना गोल्ड क्लोराईड लावलं की नसा काळ्या दिसायच्या. पण मायक्रोस्कोपखाली नसांच्या जोडीला वेगळंच काहीतरी दिसलं. त्वचेच्या वरच्या थरात फांद्या फुटलेल्या झाडासारख्या पेशी होत्या. त्याला वाटलं, या मज्जासंस्थेच्याच पेशी असणार, बाहेरचा संदेश घेऊन आत पोहोचवत असणार. १८६८ मध्ये त्याने हे छापलं. तेव्हा तो अजून डॉक्टरही झाला नव्हता.

पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, त्याने स्वादुपिंडावर प्रबंध दिला. त्यात त्या पेशींच्या पुंजक्यांचं वर्णन होतं. त्यांचं काम काय, हे त्याला कळलं नव्हतं. १८९३ मध्ये फ्रान्सच्या लागेस या शास्त्रज्ञाने त्या बेटांना लँगरहान्सचं नाव दिलं.

विशी-बाविशीत दोन मोठे शोध नावावर होते. फ्रान्सशी झालेल्या युद्धात जखमींची सेवा करून तो फ्रायबर्ग विद्यापीठात रुजू झाला आणि तिथेच प्रोफेसर झाला. सगळं नीट चाललं होतं.

आणि १८७४ मध्ये त्याला क्षयाने गाठलं.

तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. क्षयाचा जंतूसुद्धा रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जगासमोर आणला. डॉक्टरांच्या हातात एकच उपाय होता, हवापालट. लँगरहान्स इटली, स्वित्झर्लंड असं फिरला, पण गुण येईना. शेवटी १८७५ मध्ये तो अटलांटिक महासागरातल्या पोर्तुगालच्या मदेरा बेटावर गेला. विद्यापीठ सुटलं ते कायमचं.

पण गडी गप्प बसणारा नव्हता. फुंशाल शहरात त्याने दवाखाना चालवला. समुद्रातल्या किड्यांचा अभ्यास केला आणि त्यातल्या एका प्रजातीला आपल्या गुरूंचं, विर्शोंचं नाव दिलं. १८८५ मध्ये त्याने लग्न केलं. २० जुलै १८८८ ला मूत्रपिंडं निकामी होऊन तो गेला. एक्केचाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. त्याला फुंशालमध्येच दफन केलं.

आता त्या झाडासारख्या पेशींकडे येऊ.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत फांद्या असलेल्या पेशी सापडल्या. त्यांना डेंड्रिटिक पेशी असं नाव पडलं. टी पेशींना जागं करण्यात त्या तरबेज निघाल्या. मग १९८५ मध्ये गेरोल्ड शुलर आणि स्टाइनमन यांनी दाखवलं की त्वचेतल्या लँगरहान्स पेशी बाहेर काढून वाढवल्या, तर त्याही हेच काम जोरात करतात.

हे काम नेमकं काय? टी पेशी म्हणजे आपल्या शरीराच्या खास लढवय्या पेशी. पण त्यांची एक अडचण आहे, त्यांना अख्खा जंतू ओळखता येत नाही. म्हणून पहारेकरी पेशी जंतूला गिळते आणि त्याच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते. एक तुकडा एमएचसी नावाच्या रेणूच्या खोबणीत बसवून ती आपल्या पृष्ठभागावर आणते. मग लसिका ग्रंथीत जाऊन तो टी पेशींना दाखवते. चोराच्या सदऱ्याची चिंधी गावभर दाखवत फिरावं, तसं. ज्या टी पेशीला ती चिंधी ओळखू येते, ती धोक्याचा इशारा मिळाल्यावर भराभर वाढते आणि लढाई सुरू होते.

एमएचसीचे मुख्य प्रकार दोन. बाहेरून गिळलेल्या जंतूचे तुकडे सहसा दुसऱ्या प्रकारावर बसतात आणि मदतनीस टी पेशींना दिसतात. पेशीच्या आत शिरलेल्या विषाणूचे तुकडे पहिल्या प्रकारावर बसतात. ते पाहून मारेकरी टी पेशी ती बाधित पेशीच संपवतात.

क्षयाच्या बाबतीत तर ही चिंधी फारच महत्त्वाची. क्षयाचा जंतू ज्या पेशी त्याला गिळतात, त्यांच्याच पोटात तग धरून राहतो. त्याला मारण्याचं बळ त्या पेशींना मिळतं ते मदतनीस टी पेशींकडून. म्हणजे लँगरहान्सच्या फुप्फुसात जी लढाई चालली होती, तीही अशाच निरोपांवर अवलंबून होती. निरोप पोहोचवणाऱ्या पेशींच्या एका शाखेवर त्याचंच नाव आहे.

स्टाइनमन यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं, त्याच्या तीनच दिवस आधी त्यांचं निधन झालं होतं. आजार होता स्वादुपिंडाचा कॅन्सर. डेंड्रिटिक पेशींवर आधारित उपचार त्यांनी स्वतःवरही करून घेतले होते.

लँगरहान्सने त्या पेशींचं कूळ चुकीचं सांगितलं, हे खरं. त्या नसांच्या पेशी नव्हत्याच. पण बाहेरची खबर घेऊन ती आत पोहोचवणं, हे काम त्याने बरोबर हेरलं होतं. फक्त खबर स्पर्शाची नव्हती, शत्रूची होती.