ज्या हातानें सही केली
आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर याचें पतन व परतणें

बहुतेक प्रत्येक मंडळींत असा एखादा बंधु असतो, जो उपासनेस येतो, परंतु दाराजवळ सर्वांच्या मागें बसतो आणि प्रभुभोजनाच्या वेळीं हळूच उठून बाहेर जातो. एके काळीं त्यानें भाऊबंदांच्या भयानें ख्रिस्ताचें नांव टाकिलें, अथवा पंचांपुढें कागदावर अंगठा उठविला, आणि आतां मागें वळण्यास आपणांस तोंड राहिलें नाहीं असें त्यास वाटतें. अशा बंधूकरितां आज थॉमस क्रॅन्मर याची हकीकत सांगावयाची आहे. तो कोणी दुबळा खेडूत नव्हता. इंग्लंडांतील मंडळीचा तो पहिला अधिकारी होता. तरी तो पडला, आणि पुष्कळांहून खोल पडला.

क्रॅन्मर याचा जन्म इ. स. १४८९ मध्यें नॉटिंगहॅमशायर प्रांतांतील ॲस्लॉक्टन गांवीं झाला. केंब्रिज येथें शिकून तो तेथेंच अध्यापक झाला. पुढें राजा आठवा हेन्री हा आपली राणी कॅथरिन हिच्याशीं झालेला विवाह रद्द व्हावा म्हणून खटपट करूं लागला. हा प्रश्न विद्यापीठांतील विद्वानांपुढें ठेवावा, अशी सूचना क्रॅन्मर यानें इ. स. १५२९ मध्यें केली. ती राजाच्या कानीं गेली, आणि या पंडिताचें शांत आयुष्य संपलें. इ. स. १५३३ मध्यें तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला, व त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यानें तो विवाह मुळांतच निरर्थक असल्याचा निकाल दिला. कॅथरिनची कन्या मेरी त्या वेळीं सतरा वर्षांची होती.

क्रॅन्मर याच्या हातून मोठीं कामें झालीं. लोकांस त्यांच्या भाषेंत पवित्र शास्त्र मिळावें म्हणून तो झटला, व इ. स. १५४० च्या इंग्रजी बायबलास त्यानें प्रस्तावना लिहिली. परंतु राजाच्या मर्जीपुढें त्याचें मन वारंवार वांकत असे. इ. स. १५३९ मध्यें धर्मसेवकांचे विवाह निषिद्ध ठरविणारा कायदा झाला. त्यास त्यानें आरंभीं विरोध केला, पण शेवटीं मान लवविली, आणि आपल्या पत्नीस गुपचूप जर्मनीस धाडून दिलें. त्याहूनहि दुःखाची गोष्ट ही, कीं इ. स. १५३३ मध्यें जॉन फ्रिथ या तरुण विद्वानास प्रभुभोजनाविषयींच्या मतांमुळें जिवंत जाळण्यांत आलें, त्याच्या चौकशींत क्रॅन्मर हाहि बसला होता. पुढें अभ्यासाअंतीं तो स्वतः जवळजवळ त्याच मताला आला. ज्या अग्नींत त्याला शेवटीं जावें लागलें, तो अग्नि त्यानें दुसऱ्यांसाठीं पेटूं दिला होता, हें आपण झांकून ठेवूं नये.

इ. स. १५४७ मध्यें हेन्री मरण पावला व त्याचा अल्पवयी पुत्र सहावा एडवर्ड गादीवर आला. आतां क्रॅन्मर यास मोकळ्या मनानें काम करितां आलें. त्याच्या देखरेखीखालीं इ. स. १५४९ मध्यें इंग्रजींतील प्रार्थनेचें पुस्तक निघालें, व इ. स. १५५२ मध्यें तें सुधारून पुनः छापलें गेलें. याच दुसऱ्या पुस्तकांत चुकलेल्या मेंढरांचा दाखला असलेली पापकबुलीची प्रार्थना प्रथम आली. पुढें या पुस्तकाचें मराठींत भाषांतर झालें, आणि आपल्या देशांतील कित्येक मंडळ्यांनीं गुडघे टेंकून ती प्रार्थना केली.

इ. स. १५५३ मध्यें एडवर्ड वारला. मेरीला वगळून लेडी जेन ग्रे हिला राणी करण्याच्या बेतास क्रॅन्मर यानें संमति दिली होती. तो बेत फसला व मेरी राणी झाली. आतां त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप आला, आणि पुढें पाखंडाचाहि. इ. स. १५५४ मध्यें त्याला रिडले व लॅटिमर या दोघां बिशपांसह ऑक्सफर्ड येथें नेऊन ठेविलें. १६ ऑक्टोबर १५५५ रोजीं त्या दोघांस खांबास बांधून जाळलें, आणि तो देखावा क्रॅन्मर याला बुरुजावरून पाहावयास लाविला.

त्यानंतर तो एकटा पडला. कधीं त्याला तुरुंगांतून काढून चांगल्या घरांत ठेवीत, विद्वानांशीं गोडीनें बोलूं देत. कधीं पुनः कोठडींत घालीत. फेब्रुवारी १५५६ मध्यें त्याचीं बिशपपणाचीं वस्त्रें सर्वांसमक्ष उतरविण्यांत आलीं. वय सहासष्ट, शरीर थकलेलें, सोबती मेलेले. अशा स्थितींत त्यानें आपलीं मतें सोडल्याच्या कागदावर सही केली. पहिला कागद मोघम होता. पुढचा त्याहून स्पष्ट, त्याच्या पुढचा त्याहूनहि हीन; असे सहा कागद झाले. पतनाची रीत अशीच आहे. पहिली पायरी लहान दिसते, आणि तीच पुढच्या पायरीवर लोटते.

अशा रीतीनें मत सोडणाऱ्याचा जीव वांचविण्याची चाल होती. परंतु त्याला जाळावेंच असें मेरीनें ठरविलें. २१ मार्च १५५६ रोजीं पाऊस पडत होता, म्हणून उपदेश ऑक्सफर्डच्या सेंट मेरी देवळांत झाला. उपदेशानंतर क्रॅन्मर यानें आपली नाकबुली लोकांस वाचून दाखवावी असें ठरलें होतें. तो उभा राहिला. त्यानें प्रार्थना केली, लोकांस बोध केला. मग सर्वांस वाटलें होतें त्याच्या उलट तो बोलला: मृत्यूच्या भयानें आपण सत्याविरुद्ध लिहिलें, तें सर्व आपण परत घेतों, आणि ज्या हातानें तें लिहिलें तो हात आधीं जळेल. मोठी गडबड उडाली. त्याला खालीं ओढून खांबाकडे नेलें. ज्वाळा वर येतांच त्यानें उजवा हात पुढें करून अग्नींत धरिला, आणि तसाच प्राण सोडिला.

कोणी म्हणेल, मरण टळत नाहीं हें दिसल्यावर धैर्य आलें, त्यांत विशेष तें काय? हा प्रश्न खरा आहे. परंतु पाहा, ठरलेले शब्द वाचले असते तर अधिकाऱ्यांची संमति व कित्येकांची सहानुभूति घेऊन तो मेला असता. खरें बोलून त्याला एक दिवसहि अधिक मिळणार नव्हता. त्याला मिळालें तें एवढेंच, कीं देवासमोर जातांना त्याच्या तोंडांत लबाडी नव्हती. सहा सह्या पुसून टाकणें त्याच्या हातीं नव्हतें. त्या लटक्या आहेत हें उघडपणें सांगणें मात्र होतें, आणि तें त्यानें केलें.

म्हणून दाराजवळ बसणाऱ्या बंधो, तुझा कागद सहा कागदांहून मोठा नाहीं. जें चुकलें त्याला चूक म्हण. ज्यांच्यापुढें नाकारलें त्यांच्यापुढें कबूल कर. पेत्र बाहेर जाऊन रडला, परंतु बाहेरच राहिला नाहीं. आणि वडील मंडळींनो, असा कोणी पुढें येईल तेव्हां त्याच्या जुन्या सह्या मोजीत बसूं नका; सरकून त्याला आपल्याजवळ जागा द्या. क्रॅन्मर यास परतावयास शेवटची एक सकाळ मिळाली होती. आपणांस अजून पुढचा रविवार आहे असें आपण समजतों. पण तो आपल्या हातीं नाहीं. आज आहे, आणि आज प्रभूचे हात पसरलेले आहेत.