कावसजीचे नवे नाक

भगिनींनो, नाकाची गोष्ट आपणांस नवी नाही. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक हे नाव पडले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण कापलेले नाक पुन्हा केल्याची हकीकतही आपल्याच महाराष्ट्रात घडली, आणि जगभरच्या डॉक्टरांना ती ठाऊक आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी जेवढे वाचले-ऐकले तेवढे या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांपुढे ठेवते.

कावसजी हा शेतकरी जातीचा मराठा. इंग्रजांच्या फौजेबरोबर तो बैल हाकीत असे. त्या वेळी इंग्रज, पेशवे व निजाम एका बाजूस आणि म्हैसूरचा टिपू सुलतान दुसऱ्या बाजूस, अशी लढाई चालली होती. १७९२ च्या त्या लढाईत कावसजी टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. तशाच स्थितीत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला.

हात गेलेल्याची लोक कीव करतात, पण नाक गेलेल्याकडून तोंड फिरवतात. त्या काळी नाक कापणे ही शिक्षा होती. बायकांना तर नुसत्या संशयावरूनही ती भोगावी लागे. त्यामुळे बिननाकाचा माणूस दिसला की याने काहीतरी पाप केले असेल, असेच पाहणाऱ्याच्या मनात येई. कावसजी तर पोटासाठी बैल हाकणारा. वर्षाहून अधिक काळ त्याने तसाच काढला.

मग १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. त्याने प्रथम मेणाचा पातळ पापुद्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले. तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली व तेवढी कातडी सोडविली. दोन डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी मात्र तशीच ठेवली, कारण तिच्यातून रक्त येत राहते व कातडी जगते. मग ती कातडी वळवून नाकाच्या जागी बसविली. जोडावर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या पाच-सहा फडक्यांच्या पट्ट्या चिकटविल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवली. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड घातले आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली. कात आणि तूप, आपल्या फडताळातल्याच वस्तू! गुंगीचे औषध निघायला तेव्हा अजून पन्नास वर्षे होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या सोसण्याची कल्पना येते.

चित्रकार जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये सारी हकीकत छापून आली. तीवरून डॉ. कार्पू यांनी प्रेतांवर सराव करून १८१४ साली तिकडे असेच नाक केले. गालाच्या कातडीने नाक करण्याची रीत तर आपल्या सुश्रुतसंहितेतच आहे. कपाळाच्या कातडीची रीत डॉक्टर आजही वापरतात. कावसजीला कंपनीकडून पेन्शन मिळाली व त्याचे नाव राहिले. नाक करणाऱ्याचे नाव मात्र त्या मासिकात आले नाही.

त्याच विद्येची आता एक शाखा हनुवटीखालची चरबी काढण्याची. बारीक छेद घेऊन नळीने चरबी ओढून घेतात व पुढे काही दिवस पट्टा बांधावा लागतो. वजन वाढले तर फुगवटा पुन्हा येऊ शकतो. कित्येकींची ती ठेवण आईकडून-आजीकडून आलेली असते. हळदीकुंकवाला एखादीने असा विचार बोलून दाखविला की आपण हसतो, आणि तिच्या हनुवटीवर पहिल्याने बोललेल्याही आपणच असतो. कावसजीचे दुःख व हे दुःख एका मापाचे नव्हे, हे मी जाणते. पण चारचौघांत वावरायचे ते याच तोंडाने, एवढे दोन्हीकडे सारखे. तिने खर्च, धोका, सारे डॉक्टरांना नीट विचारून मगच ठरवावे. आपण मात्र बोलून बोलून कुणाला सुरीखाली पाठवू नये, आणि ती आपल्या मनाने गेली तर चारचौघींत तिचे नाक कापू नये. एवढे सांगून पुरे करते.