डॉ. जेम्स सिम्प्सन व उत्पत्तीचें एक वचन

पवित्र शास्त्रांतील एखादें वचन मागच्या-पुढच्या वचनांपासून तोडून हातीं घेतलें, तर त्याचा दुसऱ्याच्या वाटेंत धोंडा करितां येतो. उत्पत्तीच्या ३ ऱ्या अध्यायांतील १६ व्या वचनाचें असेंच झालें. त्यावरून बाळंतिणीच्या वेणा कमी करणें म्हणजे देवाच्या नेमास आडवें जाणें होय, असें कित्येक म्हणत आले. ह्या वचनाचा नीट अर्थ शोधणाऱ्या एका वैद्याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

जेम्स सिम्प्सन यांचा जन्म स्कॉटलंडांतील बाथगेट गांवीं ता. ७ जून १८११ रोजीं झाला. बाप पाव भाजण्याचा धंदा करी. जेम्स हे सातवे पुत्र. ते नऊ वर्षांचे असतां आई वारली. तरी घरच्यांनीं पोटास चिमटा घेऊन त्यांस १४ व्या वर्षीं एडिंबरो येथील विद्यापीठांत पाठविलें. शिकत असतां त्यांनीं एका बाईच्या स्तनावरील शस्त्रक्रिया पाहिली. तेव्हां भूल देण्याची सोय नव्हती. तिचा आकांत पाहून वैद्यकी सोडून कारकुनी पत्करावी, असें त्यांच्या मनांत आलें, असें सांगतात. पण ते परत फिरले, व १८४० सालीं, २८ व्या वर्षीं, त्याच विद्यापीठांत प्रसूतिशास्त्राचे अध्यापक झाले.

१८४७ च्या जानेवारींत त्यांनीं एका बाळंतिणीस ईथर हुंगविलें. त्याहून बरें औषध शोधतां शोधतां, ता. ४ नोव्हेंबरच्या रात्रीं आपल्या घरीं, कीथ व डंकन ह्या सोबत्यांसह त्यांनीं क्लोरोफॉर्म स्वतःच हुंगून पाहिलें; तिघेही बेशुद्ध पडले. थोड्याच दिवसांत तें बाळंतिणींस देण्यांत येऊं लागलें.

तेव्हां १६ व्या वचनाची शंका पुढें आली. सिम्प्सन यांनीं त्याच डिसेंबरांत एक लहान पुस्तक छापून उत्तर दिलें. त्यांनीं तें वचन एकटें न वाचतां १७ ते १९ ह्या वचनांसह वाचलें. तेथें पुरुषालाही कष्टाची भाकर, कांटेकुसळें व निढळाचा घाम नेमून दिला आहे. वेणा कमी करणें पाप असेल, तर शेतांतले कांटे उपटणें व नांगराला बैल जुंपणें हेंही पाप ठरेल. मनुष्य मातीस मिळेल असेंही तेथेंच आहे. मग रोग्यास वांचविणारा प्रत्येक वैद्य दोषी होईल. एक वचन स्त्रीवर अक्षरशः लादावयाचें व बाकीचीं स्वतःपुरतीं सैल करावयाचीं, हा न्याय नव्हे.

पुढें त्यांनीं मूळ इब्री शब्द तपासिला. स्त्रीविषयींचा शब्द व पुरुषाच्या कष्टाविषयींचा शब्द एकाच धातूचे आहेत. म्हणून तेथें मुख्य अर्थ श्रम व मेहनत हाच, असें त्यांनीं मांडिलें. देवानें आदामाची फासळी काढण्यापूर्वीं त्याला गाढ झोंप आणिली, हेंही त्यांनीं दाखविलें. तेव्हां जगांत दुःखच नव्हतें, असें टीकाकारांनीं ह्यावर म्हटलें, व तें अगदींच वावगें नव्हे. परंतु पहिल्या मुद्द्यास त्यानें बाध येत नाहीं. आम्ही एवढेंच जोडितों कीं, त्या उताऱ्यांत शाप सर्पाला व भूमीला आहे. स्त्रीला शापित म्हटलेलें नाहीं.

सगळी ख्रिस्ती मंडळी सिम्प्सन यांच्याविरुद्ध उठली, अशी कथा पुष्कळदां सांगतात. ती खरी नाहीं. इतिहास-संशोधकांस पाळकांचा छापील विरोध फारसा आढळलेला नाहीं, व कित्येक पाळकांनीं त्यांस पाठिंबाच दिला. मोठा वाद वैद्यांतच झाला. १८५३ सालीं व्हिक्टोरिया राणीनें आपल्या प्रसूतीच्या वेळीं क्लोरोफॉर्म घेतलें, तेव्हां पुष्कळांची भीति गेली. १८६६ सालीं सिम्प्सन यांस सर ही पदवी मिळाली, व ता. ६ मे १८७० रोजीं ते एडिंबरो येथें वारले. क्लोरोफॉर्मच्या अंगीं धोका असल्यामुळें तें पुढें मागें पडलें, व त्याहून निर्भय औषधें आलीं. वचन वाचण्याची त्यांची रीत मात्र आजही उपयोगी आहे.

प्रिय वाचकहो, कोणी एखाद्या वचनाच्या बळावर दुसऱ्यास दुःखांत ठेवूं पाहील, तर आधीं तो अध्याय उघडावा, मागचें-पुढचें वाचावें, आणि तेंच माप स्वतःस लावून पाहावें. घरांत सून किंवा लेक अडली असेल, तर सोसणें हेंच बाईच्या जातीस लिहिलेलें आहे असें म्हणत बसूं नये. गाडी जोडून तिला दवाखान्यांत न्यावें, व वाटेंत तिच्यासाठीं प्रार्थना करावी.